आजोबांची फियाट रस्त्यावर आणायची तर आधी कागद उघडा, मग बॉनेट

विट्याच्या एका तरुण अभियंत्यानं विचारलं आहे. त्यांचे आजोबा गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी कोइमतूरला होते. तिथं १९६८ साली त्यांनी फियाट ११०० घेतली, १९७४ ला गावी आणली आणि महाराष्ट्राचा नंबर घेतला. २००६ ला आजोबा गेले, तेव्हापासून गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये कडब्याच्या पेंढ्यांखाली उभी आहे. आता प्रश्न असे: हिला व्हिंटेज नंबर मिळेल का? इंजिन मारुतीचं १३०० सीसीचं बसवून, पुढं डिस्क ब्रेक लावून, रंग क्रीमचा लाल केला तर चालेल का? आणि त्यांचा एक मित्र सरकारी लिलावातून आलेली जीप घेऊन ती 'मॉडिफाय' करणार आहे, त्याला काय सल्ला द्यावा?

मी सांगलीत कुपवाडच्या बाजूला जुन्या गाड्यांचं गॅरेज चालवतो. तीसेक वर्षं फियाट, अँबेसेडर, जीप आणि अधूनमधून एखादी हेराल्ड हाताखालून गेली. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या सात-आठ गाड्यांची अडचण इंजिनात नसते. मालकानं आधी गाडी खोललेली असते, हौसेनं दोन-चार गोष्टी बदललेल्या असतात आणि मग तो पासिंगचं विचारायला येतो. तेव्हा फार तर एखादीच वाट उरलेली असते. म्हणून तुम्ही अजून पाना हातात घेतलेला नाही, हे वाचून मला बरं वाटलं.

तुमच्यापुढं दोन वाटा आहेत. पहिली व्हिंटेजची. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत त्यासाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' धरतात. अर्ज फॉर्म २० मध्ये करायचा. सोबत विमा आणि आधीची आरसी (नोंदणीचं पुस्तक) लागते, गाडी परदेशातून आणलेली असेल तर कस्टमचे कागदही. नव्यानं नोंदणी असेल तर फी २०,००० रुपये, प्रमाणपत्र दहा वर्षांचं, पुढच्या नोंदणीला ५,०००. नवा नंबर घेतला तर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. पण आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. तुमच्या आजोबांचा तीन अक्षरी नंबर आहे, तो घालवून नवा घेण्यात काही मतलब नाही.

इथं एक बारीक गोष्ट. पन्नास वर्षं मोजायची ती पहिल्या नोंदणीपासून, म्हणजे कोइमतूरच्या १९६८ पासून. १९७४ पासून नव्हे. तुमच्या जुन्या पुस्तकात मद्रासकडचा आधीचा नंबर आणि तारीख असलेलं पान असेल. ते पान जपा. आता दोन्ही हिशेबांनी पन्नास भरतात, त्यामुळं तुमचं अडणार नाही. पण १९७४ ला दुसऱ्या राज्यात पहिल्यांदा नोंदलेली आणि १९७८ ला इथं नोंदलेली गाडी कुणाकडं असेल, तर त्या एका पानावर सगळं ठरतं.

व्हिंटेज नोंदणीची गोम अशी की गाडी रोजच्या वापरात किंवा धंद्यात चालवता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती आणि या कामांसाठी जाणं-येणं, एवढंच. घरच्यांना घेऊन रविवारी औदुंबरला दर्शनाला जायचं असेल, तर ते यात बसत नाही. तुमच्या पत्रात "आईला एकदा त्या गाडीतून फिरवायचंय" असं वाक्य आहे. ते वाचून मी तरी व्हिंटेजची वाट सुचवणार नाही.

दुसरी वाट म्हणजे साधी खासगी नोंदणी चालू करून घेणं. पंधरा वर्षांनी गाडी भंगारात घालावी लागते, असा समज आपल्याकडं गावोगाव पसरलाय. तो दिल्ली आणि आसपासच्या भागातल्या बंदीवरून आलाय. महाराष्ट्रात खासगी गाडी तपासणीत पास झाली तर आरसी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते, अर्ज फॉर्म २५ मध्ये. खर्च मात्र वाढलाय. ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर वीस वर्षांपुढच्या मोटारीला नूतनीकरणाची फी १०,००० रुपये आहे, पूर्वी ती ५,००० होती. शिवाय पर्यावरण कर वेगळा आणि उशिराचे चारचाकीला महिन्याला ५०० रुपये. तुमची आरसी कधी संपली आणि उशीर किती महिन्यांचा धरतात, याचा हिशेब खिडकीवर कागदावर मांडून घ्या, एजंटाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

त्याआधी गाडी आजोबांच्या नावावरून उतरवायला लागेल. मालक मयत असेल तर फॉर्म ३१. मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. तुमच्या दोन आत्या आहेत म्हणता. त्यांची सही मिळेलच, पण ती घेताना गाडीबरोबर मळ्याचा विषयही निघतो, असा माझा अनुभव आहे. ते काम आधी उरका.

आणि अजून एक गाठ. तुमची आरसी जुन्या कापडी पुस्तकातली, म्हणजे ती आताच्या संगणकीय 'वाहन' प्रणालीत दिसण्याची शक्यता कमी. ऑनलाइन अर्ज करायला गेलात की "नोंद आढळली नाही" येतं आणि माणूस घाबरतो. घाबरू नका. मूळ पुस्तक घेऊन कार्यालयात जायचं आणि जुन्या रजिस्टरवरून 'बॅकलॉग एंट्री' करून मागायची. ती झाल्याशिवाय पुढचं एकही बटण चालत नाही. आमच्याकडं ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा गावभागातल्या कित्येकांची पुस्तकं भिजून लगदा झाली. तशा गाड्यांना आधी पोलिसांत नोंद, मग फॉर्म २६ नं दुय्यम आरसी आणि मग बॅकलॉग, असं फिरावं लागलं. तुमचं पुस्तक शाबूत आहे, त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो आजच काढून ठेवा.

आता बॉनेट उघडा, पण फक्त नंबर वाचायला. चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही. घासलेटात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं नंबरावर ठेवायचं आणि मग दात घासायच्या जुन्या ब्रशनं माती काढायची. तारेचा ब्रश नको, पॉलिश पेपर तर अजिबात नको. अर्ध्या शतकाचं पंचिंग फार उथळ झालेलं असतं. मग वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, छाप उमटते. ही छाप पुस्तकातल्या आकड्याशी एकेक अक्षर धरून जुळवा. आठचा तीन आणि सहाचा शून्य वाचला जातो, आणि १९७४ च्या कारकुनानं हातानं लिहिताना चूक केलेली असू शकते. चूक तेव्हाची असली तरी ती निस्तरायची तुम्हालाच.

हे एवढं का सांगतो ते ऐका. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकानं गाडी आधी दुसऱ्या एका डेंटरकडं दिली आणि मग माझ्याकडं आणली. काम नजर लागेल असं झालं होतं. पत्रा आरशासारखा. मी नंबर शोधायला वाकलो तर नंबरच नाही. बॉनेटखालचा तो पत्रा गंजला होता म्हणून त्या माणसानं कापून काढला, नवा पत्रा ताणून वेल्डिंग केलं आणि जुना तुकडा भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकला. नंबरासकट. दीड लाखाचं रंगकाम झालेली गाडी, पण कागदाच्या लेखी ती गाडीच नव्हती. मालक म्हणाला, "तुम्हीच पंच मारा ना आकडे." मी हात जोडले. परवानगीशिवाय नंबर ठोकणं म्हणजे चोरीच्या गाड्यांच्या पंक्तीत जाऊन बसणं. पत्रा बदलायचाच असेल तर आधी आरटीओला अर्ज, तपासणी आणि त्यांच्या लेखी परवानगीनं पंचिंग. आणि कापलेला तुकडा जन्मभर कपाटात. ती गाडी आजही शेडमध्ये उभी आहे, दिवाळीला पूजेपुरती पुसतात.

इंजिनाचं आता स्पष्टच सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीतली माहिती आणि कारखान्यानं दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे आणखी घट्ट केलं. कारखान्याच्या मूळ तपशिलापासून गाडी हटली, तर आरटीओनं ती नोंदवायची नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला, प्रत्येक बदलामागं, ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आलं. तुमच्या पुस्तकात १०८९ सीसी लिहिलंय. त्या जागी १३०० सीसीचं, दुसऱ्याच कंपनीचं इंजिन दिसलं की इन्स्पेक्टर साहेबांना दुसरं काही बघायची गरज उरत नाही. व्हिंटेजची वाट तर त्याच क्षणी बंद होते.

इंजिन खरंच कामातून गेलं असेल तर त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं दुसरं इंजिन, आधी परवानगी काढून, ज्या गाडीतून काढलं तिच्या कागदांसह आणि बिलासह घ्या आणि आरसीत नोंद करा. पण मला वाटतं तुमचं इंजिन मेलेलं नाही. फियाटचं इंजिन वीस वर्षं उभं राहिलं तर जाम होतं, मरत नाही. प्लग काढून चारी सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून सोडा, आठवडाभर मुरू द्या. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हलकेच पुढं-मागं ढकला. सेल्फ मारायची घाई करू नका, जाम रिंगा तुटतात.

कुणी म्हणेल इलेक्ट्रिक करूया. त्याला कायद्यात जागा आहे. कलम ५२ मध्येच इंधन बदलाच्या मान्य किटला सूट आहे. पण किट चाचणी संस्थेकडून त्याच मॉडेलसाठी मंजूर झालेलं हवं. साठच्या दशकातल्या फियाटसाठी असं किट शोधत बसण्यापेक्षा कार्बोरेटर धुणं स्वस्त.

आणि ज्यांना सगळी गाडीच स्वतः बनवायची हौस आहे, त्यांनी आपल्याच जिल्ह्यातलं देवराष्ट्रे आठवावं. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून आपण ते ओळखतो. तिथल्या एका कारागिरानं भंगारातल्या सामानातून दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली आणि २०२१ च्या डिसेंबरात ती देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं आणि त्याच दमात सांगितलं की ही नियमांत बसत नाही, स्थानिक अधिकारी आज ना उद्या ती थांबवतील. म्हणून बदल्यात बोलेरो देऊ केली आणि पुढच्याच महिन्यात दिलीसुद्धा. देशात कुठलंही नवं मॉडेल रस्त्यावर यायच्या आधी त्याचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन चाचणी संस्थेत तपासून मंजूर व्हावा लागतो. घरच्या शेडमध्ये बनलेल्या एका गाडीला तो खर्च झेपणार नाही. कला वेगळी, नंबरप्लेट वेगळी.

आता सुरक्षेचं. कायद्याच्या कागदात न बसणारी पण जिवाशी बसणारी गोष्ट हीच.

तुमच्या फियाटला चारी चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ब्रेक ऑइलची लाइन एकच. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारी चाकांचा ब्रेक जातो. आजच्या गाड्यांत दोन वेगळ्या लाइनी असतात, एक गेली तर दुसरी तारते. इथं तसं नाही. त्यामुळं चारी व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि तीनही रबरी होज नवे, यात काटकसर नाही. लोखंडी पाइप वरून रंगवलेला चांगला दिसतो, पण क्लिपखाली गंजून कागदासारखा झालेला असतो. क्लिप काढून बघा. होजची गंमत आणखी वाईट. मी एकदा एका गिऱ्हाइकाची फियाट पसरणीच्या घाटातून वाईकडं उतरवत होतो. गाडी डावीकडं ओढायला लागली आणि जळका वास आला. थांबलो तर पुढचं डावं चाक हात लावू देईना. होज बाहेरून नवाकोरा दिसत होता, आतून रबर फुगून बुजला होता. पाय दाबला की ऑइल जोरानं आत जायचं, पण परत यायचं नाही, म्हणून ब्रेक धरून राहायचा. अजून दोन वळणं गेली असती तर ऑइल उकळून पेडल तळाला टेकलं असतं. तो होज मी बदललाच नव्हता. "चांगला दिसतोय" म्हणून. चूक माझीच.

डिस्क ब्रेकच्या मोहाबद्दल माझं मत विचाराल तर नको. चांगले बसवले तर ते उत्तम थांबवतात, यात वाद नाही. पण दुसऱ्या गाडीचे हब आणि मास्टर सिलिंडर जोडताना लेथवर जे जुगाड होतं त्याची चाचणी कुणी केलेली नसते, आणि मूळ रूपही जातं. चाळीस-पंचेचाळीस घोड्यांची गाडी ताशी साठनं चालवायला नीट केलेले ड्रम पुरतात. घाटात ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा.

टायर नवे घ्या, शेडमधले कितीही खोल नक्षीचे असोत. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. तीनच आकडे असतील तर तो २००० सालाआधीचा, तो झाडाला बांधून झोका करा. वायरिंगवरचं कापडी आवरण उंदरांनी खाल्लेलं असणार. तुकड्यांना टेप गुंडाळू नका, पूर्ण हार्नेस (वायरांचा जुडगा) नवा टाका आणि बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवा. माझ्या माहितीत जळालेल्या जुन्या गाड्या बहुतेक रात्री उभ्या असताना जळाल्या.

पेट्रोलची बाजू नवी आहे. पूर्वीचं पेट्रोल शिशाचं होतं, ते देशात २००० साली बंद झालं. जुन्या व्हॉल्व सीट (इंजिनाचा व्हॉल्व जिथं टेकतो ती कडी) त्या शिशावर जगायच्या. हेड खोललंच तर कडक सीट बसवून घ्या. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, त्यात आपला ऊसही आला. कारखान्याचा सभासद म्हणून आनंद माना, पण जुना रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा ते मऊ करतं. इथेनॉल पाणी ओढतं, टाकी आतून गंजते. इथेनॉल सोसणारा पाइप घ्या आणि गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवा. पीयूसीला भिऊ नका. तुमच्या गाडीच्या काळातल्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, आजच्या गाड्यांपेक्षा बरीच सैल. पॉइंट, प्लग आणि मिक्श्चर नीट लावलं की बसते.

सीट बेल्ट तुमच्या गाडीला कारखान्यानंच दिले नव्हते, तरी लावा. त्यानं आरसीतला एकही रकाना बदलत नाही. फक्त बोल्ट नुसत्या पत्र्यात मारू नका. पत्र्यामागं जाड लोखंडी पट्टी घाला, नाहीतर धडकेत बेल्ट बोल्टासकट उपटून माणसाबरोबर पुढं येतो. आईला मागं बसवणार असाल तर मागंही लावा.

विमा गाडी उचलायच्या आधी. इतक्या जुन्या मॉडेलची किंमत कंपनी आणि मालक मिळून ठरवतात, तेव्हा दुरुस्तीची बिलं आणि फोटो नीट लावून ठेवा. बदल लपवून घेतलेला विमा क्लेमच्या दिवशी उपयोगी पडत नाही. आणि तपासणीला गाडी ट्रॉलीवर न्या. संपलेल्या आरसीवर विट्याहून सांगलीपर्यंत चालवत येऊ नका.

रंगाचं सोपं आहे. आरसीत रंगाचा रकाना असतो, त्यामुळं बदलायचा तर कार्यालयात कळवून नोंद करून घ्या. मला विचाराल तर क्रीमच ठेवा. लाल फियाट लग्नाच्या वरातीला भाड्यानं मागायला लोक येतात, आणि खासगी नंबरवर भाडं घेतलं की वेगळी भानगड.

राहिली मित्राची जीप. खात्याच्या लिलावातली म्हणताय, तर आधी पंधरा वर्षं झालीत का ते बघा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी वाढवून मिळत नाही, त्या मोडीत काढायच्या आहेत. तशी जीप कुणी "कागद करून देतो" म्हणून विकत असेल, तर विकणारा एकतर अडाणी आहे किंवा फार हुशार. खासगी मालकाची, चालू आरसीची जीप शोधायला सांगा. आणि 'मॉडिफाय'चा अर्थ पुढं बुलबार (बंपरपुढची लोखंडी चौकट), चासी लांबवणं, मोठी चाकं, फटाक्यासारखा सायलेन्सर असा असेल, तर बुलबारला २०१७ पासून मनाई आहे आणि बाकीचं कलम ५२ मध्ये येतं. जीप मूळ रूपातच किती देखणी दिसते ते त्याला दाखवायचं असेल तर एखाद्या शनिवारी दोघं या. येताना पुस्तक आणि ती पेन्सिलची छाप घेऊन या, गाडी तिथंच राहू दे.